तुमचे प्रश्न, माझे अंगठे : या वेळी फक्त ग्लोव्ह्ज

मागच्या अंकात निन्टेन्डोच्या ‘पंच-आउट’ या जुन्या बॉक्सिंगच्या व्हिडिओ गेमचा ओझरता उल्लेख काय केला, पत्रांचा नुसता मारा सुरू झाला. उडी मारणारे, गोळ्या झाडणारे आणि गाड्या पळवणारे वाचक, थोडं थांबा. हा अंक ठोसेवाल्यांचा.

प्रश्न : ताई, एक्केचाळिसाव्या वर्षी हा खेळ मी पहिल्यांदा खेळतोय. यातल्या ‘करिअर’ची फार तारीफ ऐकली होती, पण मला ते कुठे दिसेना. नऊ लढती जिंकलो, तरी माझा बॉक्सर लिटल मॅक पहिल्या दिवशी होता तसाच. ना ताकद वाढली, ना वेग, ना नवे ग्लोव्ह्ज. मग ही बढती कसली? आणि आता बाल्ड बुल हा प्रतिस्पर्धी दुसऱ्यांदा आलाय, तो काही केल्या पडत नाही. — बढती न मिळालेला

उत्तर : तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. मॅक सतरा वर्षांचा, १०७ पौंडांचा, म्हणजे जेमतेम ४९ किलोचा पोरगा. पहिल्या लढतीत तेवढाच आणि शेवटी माइक टायसनसमोरही तेवढाच. मधे मधे तो गुलाबी ट्रॅकसूट घालून धावताना दिसतो, पुढे त्याचा गुरू डॉक लुईस सायकलवर, मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. त्या धावण्याने मॅकच्या अंगात काडीचा फरक पडत नाही. मला लहानपणी याचा इतका राग यायचा की तो धावत असताना मी मुद्दाम बटणं बडवायची, म्हणजे निदान कुणाचा तरी व्यायाम व्हावा.

पण जरा उलटून बघा. या १९८७च्या खेळात एकूण चौदा लढती आणि अकरा प्रतिस्पर्धी. मायनर सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे लढतींचा एक टप्पा) तीन, मेजरमध्ये चार, वर्ल्डमध्ये सहा आणि त्यानंतर टायसन. चौदा लढतींना अकराच माणसं, कारण पिस्टन होंडा, डॉन फ्लेमेन्को आणि बाल्ड बुल हे तिघे दोनदा भेटतात. करिअर नेमकं इथेच लपलंय. फ्लेमेन्को पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, चुकवून डावा-उजवा, डावा-उजवा करत राहिलं की तो उभ्या उभ्या संपायचा. दुसऱ्या भेटीत तीच युक्ती करून बघा, म्हणजे कळेल. मॅक तोच आहे, पण तुम्ही आता समोरच्याचा खांदा हलायच्या आत खाली वाकता. पहिल्या आठवड्यात वाकत होतात का? ग्लास जो आठवा, ज्याच्या खात्यावर एक विजय आणि ९९ पराभव आहेत. त्याच्याशी सुद्धा पहिल्या दिवशी तुम्ही चाचपडत खेळला असाल. आता परत जाऊन खेळा. बढतीचं पत्र तिथे मिळेल.

प्रत्येक गडी एकेक धडा घेऊन येतो. किंग हिप्पो तोंड उघडतो, तेव्हा तोंडावर मारायचं. चड्डी सुटली की पोट मोकळं. ग्रेट टायगरच्या फेट्यातलं रत्न ठोशाआधी चमकतं, आणि तो गायब होऊन पाच जादूचे ठोसे मारायला लागला की ते सगळे नुसते अडवायचे. मग त्यालाच भोवळ येते आणि एका फटक्यात तो आडवा. यातलं एकही ज्ञान मॅकच्या अंगात साठत नाही. ते तुमच्या अंगात साठतं.

आता बाल्ड बुल. दुसऱ्या भेटीत त्याला साध्या ठोशांनी कितीही बडवा, तो पडणारच नाही. दोनच वाटा आहेत. एक, तारा (नेमक्या ठोशाबद्दल खेळ देतो ती चांदणी) मिळवून मारलेला अपरकट. दुसरी, तो मागे सरकून उड्या मारत धावून येतो तेव्हा ऐन वेळी पोटात घातलेला ठोसा. तिसरी उडी टेकली की मारायचं. हे जमत नसेल तर प्रेक्षकांकडे बघा. गर्दीत कॅमेऱ्याचा एक फ्लॅश चमकतो, तोच क्षण. ही खूण खेळाच्या कर्त्यांनी २००९ साली स्वतःच उघड केली. बावीस वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि आम्ही सगळे बुलच्या टकलाकडे बघत होतो.

प्रश्न : मी पूर्वी टायसनपर्यंत सहज पोहोचायचो. आता मोठा सपाट टीव्ही घेतला, तोच खेळ लावला, तर पिस्टन होंडासुद्धा मला बदडतो. वय झालं का? — हळू झालेला

उत्तर : वयाला दोष द्यायची घाई नको, आधी टीव्हीची झडती घ्या. जुना खोक्यासारखा पिक्चर ट्यूबचा टीव्ही आलेलं चित्र तसंच्या तसं पडद्यावर ओतायचा, मधे थांबून विचार करायची त्याला सोय नव्हती. सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, ताणतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. हा खेळ सेकंदाला साठ चित्रांच्या चालीवर चालतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. टीव्हीने ५० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही प्रत्येक ठोसा तीन चित्रं उशिरा बघताय. धावत धावत गड चढायच्या खेळात तीन चित्रांनी फारसं बिघडत नाही. इथे तीन चित्रांत टायसन तुम्हाला जमिनीवर निजवतो.

उपाय करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करा. चित्र गुळगुळीत करणारे, रंग खुलवणारे सगळे लाड बंद करा. बिनतारी कंट्रोलर असेल तर एकदा वायरचा लावून बघा, त्यातही थोडा वेळ जातो. संगणकावर एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खेळत असाल तर ‘रन-अहेड’ नावाची सोय काहींत असते. ती खेळाच्या आतला उशीर कापते.

एवढं करूनही होंडा बदडत असेल, तर मात्र वय झालंय. माझंही झालंय. मी आता चकवायचं बटण ठोसा दिसल्यावर दाबत नाही, ठोसा यायच्या मोजणीवर दाबते. फसवणूक आहे, पण चालते.

प्रश्न : पासवर्ड नीट लिहून ठेवला होता, तरी खेळ तो नाकारतो. कॅसेट खराब झाली का? — वहीवाला

उत्तर : कॅसेट बहुधा ठणठणीत असेल, वही तपासा. या कॅसेटमध्ये प्रगती साठवायची सोयच नाही. दहा आकडे मिळतात, तेच तुमचं करिअर. आमच्याकडे मॅकचं अख्खं भवितव्य माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं. मी आकडे मराठीत लिहायची. दादा ते इंग्रजी समजून वाचायचा. माझा चार त्याच्या डोळ्यांना आठ दिसायचा. मेजर सर्किट जिंकून मिळवलेला पासवर्ड त्याने रात्रभर आठ दाबून दाबून मारला आणि सकाळी मलाच ऐकवलं की तू खोटं लिहिलंस, तू जिंकलीच नव्हतीस. बरीच वर्षं ते भांडण चाललं. तुमच्या वहीत असा एखादा चार लपलाय का, बघा.

आणि थेट टायसनकडेच जायचं असेल तर ००७-३७३-५९६३. जा, पण हे आकडे घालून टायसनकडे गेलात तर तुम्ही टायसनला भेटलात असं म्हणा, टायसनपर्यंत पोहोचलात असं म्हणू नका.

प्रश्न : मित्र पैजेवर सांगतो की या खेळात टायसन नव्हताच, शेवटी ‘मिस्टर ड्रीम’ असतो. मी टायसनशीच खेळल्याचं मला पक्कं आठवतं. — पैज लावून बसलेली

उत्तर : पैज बरोबरीत सोडवा. टायसन नोव्हेंबर १९८६मध्ये विसाव्या वर्षी हेवीवेट विजेता झाला आणि १९८७च्या कॅसेटवर त्याचं नाव आलं. नावाचा करार संपल्यावर १९९०मध्ये तीच कॅसेट मिस्टर ड्रीम घेऊन परत आली. चेहरा आणि नाव बदललं, ठोसे तेच. टायसन तुरुंगात गेला म्हणून त्याला काढलं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, पण त्याला दोषी ठरवलं १९९२मध्ये. तारखाच जुळत नाहीत. गंमत म्हणजे जपानात १९८७मध्येच स्पर्धेचं बक्षीस म्हणून एक सोनेरी कॅसेट निघाली होती. तिच्यात दोघंही नाहीत. करिअर टायसनच्या आधीच्या सुपर माचो मॅनपाशी संपतं.

प्रश्न : मला खरं करिअर हवंय. सराव करायचा, गडी घडवायचा, क्रमवारीत एकेक पायरी चढायची. जुन्यांत असं काही आहे का? आणि सरावाचे गुण कशात घालायचे? — उस्ताद व्हायचंय

उत्तर : आहे की. आणि मला वाटायचं त्यापेक्षा जुनं आहे. १९८० साली अटारीवर आलेल्या ‘बॉक्सिंग’मध्ये वरून दिसणारे दोन बॉक्सर दोन मिनिटं एकमेकांची नाकं फोडायचे, शंभर ठोसे पुरे झाले की नॉकआउट, खेळ खल्लास. पुढचं-मागचं काही नाही. पाचच वर्षांनी, १९८५मध्ये, गेमस्टार कंपनीचा ‘स्टार रँक बॉक्सिंग’ आला. ब्रिटनमध्ये त्यालाच आयरिश बॉक्सर बॅरी मॅकगुइगनचं नाव दिलं, कारण त्याच वर्षी जूनमध्ये त्याने लंडनमध्ये युसेबिओ पेद्रोझाला हरवून फेदरवेटचा जागतिक किताब घेतला होता. त्यात तुम्ही स्वतःचा गडी घडवायचा, त्याची लढायची ढब ठरवायची आणि लढतीआधीचे आठवडे वाटून द्यायचे : इतके धावण्याला, इतके वजनं उचलण्याला, इतके पिशवीवर, इतके स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतींना. चित्रं आज बघवत नाहीत. पण आठवडे वाटताना जी घालमेल होते ती अजून ताजी आहे. एका बाजूला दिलं की दुसरीकडे कमी पडतं, आणि ते कमी पडलेलं पुढच्या लढतीतच कळतं.

मग सेगाचा ‘एव्हँडर होलिफिल्ड्स रिअल डील बॉक्सिंग’, १९९२. गड्याचा चेहरामोहरा निवडायचा, गुण वाटायचे, क्रमवारीच्या तळापासून सुरुवात, वर होलिफिल्ड. (खऱ्या होलिफिल्डने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिडिक बो याच्याकडून किताब गमावला, खेळात मात्र तो कायमचा वर बसलेला.) पुढच्या वर्षी त्याचाच थोरला भाऊ शोभावा असा ‘ग्रेटेस्ट हेवीवेट्स’ आला. त्यात अली, फ्रेझर, डेम्प्सी, मार्सियानो, जो लुईस असे आठ दिग्गज. दोन्हींपैकी एकच घ्यायचा असेल तर मी दुसरा घेईन. स्वतः घडवलेल्या गड्याला अलीसमोर उभं करायची लाज आणि ऐट एकाच वेळी वाटते, ती पहिल्यात नाही.

गुण कशात घालायचे हे माझ्या पराभवांवरून सांगते. माझ्या पहिल्या गड्याचं नाव ‘मांजर’. त्याला झुपकेदार मिशा दिल्या आणि मिळेल तो गुण ताकदीत ओतला. खालचे पाच-सहा जण मांजराने झोपवले, एकेकाला पहिल्या फेरीत. मग असा एक भेटला जो पहिल्या फेरीत पडला नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत मांजराचे हात वर होईनात. समोरचा तोंड भरून मारतोय आणि माझा मिशीवाला उभा राहून ऐकून घेतोय. तेव्हापासून मी आधी दम भरते, मग बचाव, मग वेग आणि ताकद शेवटी. असा गडी खालच्या पायऱ्यांवर रडतखडत जिंकतो, बघायला कंटाळा येतो, आणि वरच्या दहांत गेल्यावर त्याची किंमत कळते. घाई असेल तर ताकद घाला. पण मग पुढच्या महिन्यात मला पत्र पाठवू नका.

पहिल्या पत्रातल्या ‘बढती न मिळालेल्या’ गृहस्थांनीही हे उत्तर वाचावं. त्यांना हवं ते करिअर इथे आहे. फरक एवढाच की इथे चार महिने खेळ सोडलात तर गडी जसाच्या तसा तगडा राहतो आणि तुम्ही गंजता. मग तुमच्या हातात एक उत्तम बॉक्सर असतो आणि त्याला चालवायला कुणी नसतं. मॅकच्या बाबतीत अशी तफावत पडत नाही. तुम्ही गंजलात की तोही गंजतो.

प्रश्न : मला दिसत नाही. भाचा खेळतो ते मी ऐकत असतो. ऐकून मला हा खेळ खेळता येईल का, की तो माझी समजूत घालतोय? — ऐकणारा

उत्तर : भाचा खरं बोलतोय. डोळ्यांवर पट्टी बांधून, भरल्या सभागृहासमोर हा खेळ खेळून दाखवलेले खेळाडू आहेत. कारण हा खेळ दिसायला मारामारी असला तरी आतून ताल आहे. प्रत्येक गड्याची ठोशांची माळ ठरलेली, मधली अंतरं ठरलेली. बाल्ड बुलच्या उड्या तर कानांनी सरळ मोजता येतात. काही इशारे मात्र नुसते डोळ्यांचे आहेत, रत्न चमकणं किंवा टायसनचं डोळा मिचकावणं, तिथे आधीच्या ठोशापासून मोजत जावं लागतं.

सुरुवात ग्लास जोपासून करा. भाच्याला सांगा, पहिल्या दिवशी त्याने फक्त एकच शब्द बोलायचा : ठोसा निघाला की ‘आला’. दुसऱ्या दिवशी तोही बोलायचा नाही. पडद्यावरचा हृदयांचा आकडा, म्हणजे मॅकचा उरलेला दम, तेवढा तो वाचून दाखवू दे. तुमचा ठोसा समोरच्याने अडवला किंवा तुम्हाला लागला की हृदयं कमी होतात. शून्यावर आली की मॅक दमतो, रंग बदलतो आणि ठोसेच मारत नाही. तेव्हा मारायच्या भानगडीत न पडता नुसतं चुकवत राहायचं. आणखी एक : दोन फेऱ्यांच्या मधे डॉक बोलत असताना ‘सिलेक्ट’ बटण दाबलं की मॅकची ताकद थोडी भरून येते. डॉक जे बोलतो त्यात फारसं काही नसतं. एकदा तर तो निन्टेन्डोच्या क्लबचा सदस्य हो म्हणून सांगतो, तेही मॅक मार खाऊन बसलेला असताना.

कुठवर पोहोचलात ते कळवा. हे पत्र मी वेगळं काढून ठेवलंय.

प्रश्न : त्या काळच्या बाकी खेळांत माणसं अंगठ्याएवढी, यातच ती अर्ध्या पडद्याएवढी कशी? — प्रमाणबद्ध

उत्तर : चलाखी. समोरचा गडी त्या यंत्राच्या हलत्या आकृत्यांतून काढलेला नाही, तो बहुतांशी मागच्या पडद्याच्या चौकोनी तुकड्यांतून जोडलाय. ते तुकडे भराभर बदलायला कॅसेटमध्ये एक खास चिप घातली, एमएमसी२. ती फक्त याच खेळासाठी वापरली गेली. शिवाय काटकसर : ग्लास जोचंच धड घेऊन डॉन फ्लेमेन्को उभा केलाय, डोकं आणि रंग वेगळे. आणि मॅक बुटका आहे त्यालाही कारण आहे. १९८४च्या मूळ आर्केड (नाणं टाकून खेळायच्या) यंत्रात आपला गडी हिरव्या रेघांचा, आरपार दिसणारा होता. घरच्या यंत्राला ते झेपेना, म्हणून त्याला इतका छोटा केला की समोरचा त्याच्या डोक्यावरून दिसावा. पंच म्हणून मारिओ आहे. तो एकमेव पंच जो पंच मारत नाही.

प्रश्न : टायसन पडला. आता पुढे? — रिकामा विजेता

उत्तर : १९८७च्या कॅसेटमध्ये पुढे काही नाही. १९९४चा ‘सुपर पंच-आउट’ घ्या, चार सर्किट, सोळा गडी, आणि कॅसेट तुमच्या वेळा लक्षात ठेवते, त्यामुळे स्वतःशीच भांडता येतं. त्यात दोघांनी खेळायची छुपी सोय आहे हे २०२२मध्ये उघड झालं. अठ्ठावीस वर्षं आम्ही पाळ्या लावून खेळत होतो.

पण तुमच्या दुखण्यावर खरं औषध २००९चा वी कन्सोलवरचा ‘पंच-आउट’. त्यात विजेता झालात की किताब राखावा लागतो, आणि हरवलेले सगळे नव्या तयारीने परत येतात. शंभरावा पराभव झालेला ग्लास जोसुद्धा डोक्याला संरक्षक टोप घालून येतो. शेवटी ‘मॅक्स लास्ट स्टँड’ : कोण समोर येईल सांगता येत नाही, आणि तीन पराभव झाले की मॅक निवृत्त. खरंच निवृत्त. त्या खात्यावर त्याचं करिअर तिथेच संपतं. मी दोन पराभवांवर थांबले आहे. बरेच महिने झाले.

प्रश्न : एवढं सांगता, तुम्ही स्वतः टायसनला हरवलंय का? — संशयी

उत्तर : एकदा. पासवर्ड न वापरता, ग्लास जोपासून सलग. पहिल्या दीड मिनिटात त्याचा एकेक अपरकट माणसाला थेट जमिनीवर पाठवतो, तेवढा वेळ मी श्वासही घेतला नसेन. दुसऱ्या फेरीत तो पडला, तेव्हा दादा पाणी प्यायला आत गेला होता. परत आला तर पडद्यावर नुसतं अभिनंदन. त्याचं म्हणणं, त्याने पाहिलं नाही म्हणून ते मोजायचं नाही.